पडलेले पाच आणि उभे राहिलेले तीन

रात्री २:१० ला आमच्या सेवेच्या आठ वर्करांपैकी (मागण्यांना उत्तरं देणाऱ्या प्रोसेस) पाच ‘बस एरर’ लिहून पडले. मास्टर प्रोसेसने लगेच पाच नवे उभे केले, तेही पडले, पुन्हा उभे केले, पुन्हा पडले. मिनिटभरात हा प्रकार आपोआप थांबला. सकाळी तिकिटावर शेरा होता: ‘रीस्टार्टनंतर ठीक. मेमरी तपासून घ्यावी.’ बस एरर म्हटलं की आमच्याकडे आधी रॅमच्या पट्टीवर संशय जातो. यंत्राच्या नोंदीत मेमरीची एकही चूक नव्हती, तरी अर्धा दिवस त्या चाचणीत गेला.

आमची सेवा करते एवढंच: दोन पिनकोड घेते आणि पार्सलचा दर आणि लागणारे दिवस सांगते. यादीत १९,२०० पिनकोड. प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लावली की ३६ कोटी ८६ लाख ४० हजार नोंदी होतात. नोंद चार बाइटची, सुरुवातीला ४,०९६ बाइटचं हेडर, म्हणजे फाइल १,४७,४५,६४,०९६ बाइटची. शोधाशोध काहीच नाही. पाठवणाऱ्या पिनकोडच्या क्रमांकाला १९,२०० ने गुणायचं, घेणाऱ्याचा क्रमांक मिळवायचा, चारने गुणायचं, हेडर सोडून तेवढं पुढे जायचं आणि चार बाइट उचलायचे.

ही फाइल आम्ही वाचत नाही, एममॅप करतो. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, प्रोसेसच्या पत्त्यांमध्ये तेवढी जागा राखून ठेवतो. डिस्कवरून त्या क्षणी काहीही येत नाही. ज्या पानाला हात लागेल तेवढं ४ केबीचं पान पेज कॅशमधून (कर्नलने मेमरीत ठेवलेल्या फायलींच्या पानांतून) जोडलं जातं, कॅशमध्ये नसेल तर डिस्कवरून आणलं जातं. मॅप झाल्यावर फाइल बंद केली तरी चालतं. खरा फायदा हा की आठही वर्कर पेज कॅशमधली तीच पानं वापरतात. प्रत्येकाने फाइल स्वतःच्या मेमरीत वाचून घेतली असती तर ११.८ जीबी लागली असती, आणि यंत्रात १६ आहे. आमचा डॅशबोर्ड मात्र सगळ्यांच्या आरएसएसची (प्रत्येक प्रोसेसच्या नावावर दिसणारी मेमरी) बेरीज करून तेच ११.८ जीबी लाल रंगात दाखवतो. सामायिक पानं वाटून मोजायची तर पीएसएस बघावा लागतो, हे सांगून झालंय. बेरीज तशीच आहे.

कोअर फाइल, म्हणजे पडलेल्या प्रोसेसच्या मेमरीची प्रत, होती म्हणून बरं. सामायिक मॅप केलेल्या फाइलची पानं कोअरमध्ये डीफॉल्टने जात नाहीत, पण कुठली फाइल कुठल्या पत्त्यावर मॅप होती याचा तक्ता जातो, आणि प्रोसेसला पाडणाऱ्या कर्नलच्या सिग्नलबरोबर आलेला पत्ताही मिळतो. सिग्नलचा कोड २ होता: पत्ता मॅपच्या आत आहे, पण त्याच्यामागे काही नाही. मॅपच्या बाहेर पाय पडला असता तर सेगमेंटेशन फॉल्ट आला असता. सिगबसचा, म्हणजे बस एररच्या सिग्नलचा, अर्थ वेगळा: जागा तुझीच आहे, पण फाइल तिथपर्यंत पोचत नाही.

पहिल्या वर्करच्या पत्त्यातून मॅपची सुरुवात वजा केली: ७०,६६,८५,५०४. त्यातून हेडर काढून चारने भागलं तर नोंद क्रमांक १७,६६,७०,३५२. त्याला १९,२०० ने भागलं की भागाकार ९,२०१ आणि बाकी ११,१५२. म्हणजे ९,२०१ व्या पिनकोडवरून ११,१५२ व्या पिनकोडला जाणाऱ्या पार्सलचा दर विचारताना वर्कर पडला. प्रवेश नोंदीत ती मागणी त्याच सेकंदाला होती, उत्तराविना. अशी गणितं जुळली की कोअर फाइल उघडण्याचे कष्ट वसूल होतात.

त्या क्षणी फाइल ७०७ एमबीपेक्षा लहान होती, असा याचा अर्थ. सकाळी ती पूर्ण होती, चेकसमसकट (मजकूर बदलला का ते दाखवणारा आकडा). म्हणून सगळ्यांचं म्हणणं, ‘फाइल तर ठीक आहे.’

ठीक होतीच. २:१० ला क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम) नवी फाइल नेटवर्कवरच्या साठ्यातून जुन्या नावावर सीपी, म्हणजे कॉपी, करतो. त्या नावाची फाइल आधीच असेल तर सीपी तीच उघडतो, तिची लांबी शून्य करतो आणि मग भरत जातो. आयनोड, म्हणजे नावामागची खरी फाइल, तोच राहतो. लांबी शून्य झाली की कर्नल त्या फाइलची पानं सगळ्या प्रोसेसच्या तक्त्यांतून काढून घेतो. पुढचा स्पर्श झाला की फाइल तिथपर्यंत पुन्हा भरली आहे का ते बघतो. भरली नसेल तर सिगबस. पूर्वी फाइल लहान होती, दोन-तीन सेकंदांत उरकायचं. आता पन्नास सेकंद लागतात. शिवाय त्या काही सेकंदांत मागण्याच नसायच्या. त्याच आठवड्यात एका मोठ्या विक्रेत्याने रात्री दोनला दरांची पडताळणी सुरू केली होती. त्यांच्या पाच कायम जोडण्या पाच वर्करांवर होत्या. उरलेले तीन रिकामे बसले होते. पडले ते ते पाच. नवे उभे राहताना चाचणी म्हणून फाइलची शेवटची नोंद वाचतात, त्यामुळे कॉपी संपेपर्यंत तेही तिथेच पडत राहिले. एममॅप स्वतः तक्रार करत नाही: फाइलपेक्षा लांब मॅप मागितला तरी देतो, हिशेब स्पर्शाच्या वेळी होतो.

बैठकीत उपाय भराभर आले. ‘खासगी मॅप करा’: चालत नाही. खासगी मॅपमधलं न बदललेलं पान पेज कॅशमधलंच असतं, आणि फाइल छाटली की कर्नल प्रोसेसने स्वतः बदललेल्या खासगी प्रतीही काढून टाकतो. ‘लिहायला मनाई करणारा फ्लॅग आहे’: आहे, लिनक्स तो वाचून सोडून देतो. ‘फाइलला कुलूप लावा’: सीपी ते कुलूप विचारत नाही. ‘सिगबस पकडा आणि पुढे जा’: पुढे कुठे? प्रोसेसरला दिलेली तीच सूचना पुन्हा चालेल आणि पुन्हा पडेल. उडी मारून बाहेर पडलात तरी विचारणाऱ्याला उत्तर काय देणार?

दुरुस्ती एका ओळीची आहे. नवी फाइल त्याच डिरेक्टरीत तात्पुरत्या नावाने लिहायची, एफसिंक करायची (डिस्कवर नक्की उतरवायची), मग रीनेम करायची. नाव एका झटक्यात नव्या आयनोडकडे जातं. जुना आयनोड शेवटचा मॅप सुटेपर्यंत जिवंत राहतो आणि प्रोसेसच्या मॅपच्या यादीत नावापुढे ‘डिलीटेड’ दिसतो. तोवर डिस्कवर दोन प्रती मावायला हव्यात. तात्पुरती फाइल दुसऱ्या फाइल सिस्टिमवर ठेवायची नाही. तिथून एमव्ही (फाइल हलवणारी आज्ञा) केलं तर रीनेम जमत नाही. मग एमव्ही गुपचूप जुनं नाव काढून कॉपी करू लागतो. जुने मॅप वाचतात, पण नवा वर्कर अर्धी फाइल उघडतो. म्हणून मॅप करण्याआधी फाइलची लांबी हेडरवरून काढलेल्या लांबीशी जुळवणंही घातलं. हे पहिल्या दिवशीच असायला हवं होतं.

इथे प्रकरण संपलं असं आम्ही धरलं. चार दिवसांनी विक्रेत्याने विचारलं: एकाच रात्री, एकाच जोडीला दोन दर कसे?

त्या रात्री यादीच्या शेवटी तीन पिनकोड वाढले होते. नव्या फाइलची ओळ १९,२०३ नोंदींची, लांबी १,४७,५०,२४,९३२ बाइट. न पडलेल्या तीन वर्करांनी सुरू होताना वाचलेला आकडा मात्र १९,२००. त्यांचा मॅप त्याच आयनोडवर, म्हणजे खाली मजकूर नवा आणि गुणाकार जुना. त्यांना १२,००० व्या पिनकोडची ओळ विचारली तर ते ११,९९८ व्या ओळीतली २,४०६ घरं पुढची नोंद देत होते. पाठवणारा जवळपासचा, घेणारा भलताच, आणि दर अगदी विश्वास बसावा असा. ना सिग्नल, ना कोअर, ना तिकीट. नवी फाइल घ्या असा निरोप वर्करांना देणारी क्रॉनची ओळ वेगळी, २:३० ची. दोन कामं दोन वेगळ्या वेळांवर ठेवून ‘तोपर्यंत झालेलं असेल’ म्हणायची पद्धत कुणी सुरू केली ते विचारू नये. जोडण्या तुटल्यावर विक्रेत्याचा प्रोग्रॅम साठ सेकंद थांबला आणि परत आला, तोवर कॉपी झालेली होती. पाचपैकी दोन जोडण्या या जुन्या वर्करांवर पडल्या.

उत्तरांच्या नोंदीत वर्करचा क्रमांक नसतो. म्हणून नवी फाइल घेतली आणि प्रत्येक मागणीचं उत्तर दोनदा काढलं, एकदा १९,२०३ ने आणि एकदा मुद्दाम चुकीचं, १९,२०० ने. २:११ ते २:३० मधल्या ११,४०६ उत्तरांपैकी ४,५३८ फक्त चुकीच्या गणिताशी जुळली. २११ ठिकाणी दोन्ही गणितांनी एकच दर येतो. ती कुणी दिली ते कळत नाही, पण बरोबरच आहेत. विक्रेत्याला यादी पाठवली.

पिनकोड वाढले अशा याआधीच्या रात्रींची मात्र पडताळणी होत नाही. प्रवेश नोंदी तीस दिवसांच्या आहेत, पण त्या रात्रींच्या फायली नाहीत, कारण प्रत्येकीवर पुढच्या रात्रीची सीपी झाली आहे. त्या रात्रींच्या नोंदी मी वेगळ्या काढून ठेवल्यात. वीस मिनिटांच्या त्या फटीत आलेल्या मागण्या थोड्या आहेत, पण शून्य नाहीत.