०.६ म्हणजे किती किलो?

गेल्या महिन्यात आमचा १४० पीसचा लॉट कस्टमरनं परत पाठवला, लीकेज म्हणून. कोल्हापूरजवळ शिरोलीत आमचं छोटं मशीनिंगचं युनिट आहे, फौंड्रीतनं (ओतकामाच्या कारखान्यातनं) पंपाच्या बॉड्या येतात, मशीनिंग करून आम्हीच लीक टेस्ट करतो, म्हणजे बॉडी सगळीकडनं बंद करायची, पाण्याच्या टाकीत बुडवायची, आत हवा सोडायची आणि बुडबुडा येतोय का बघायचं. रिपोर्टवर तर सगळे ओके होते. मग मी टाकीपाशी जाऊन उभारलो आणि टेस्ट करणाऱ्या पोराला म्हटलं, लाव बघू कसं लावतोस. त्यानं रेग्युलेटर फिरवला, काटा शून्याच्या जरा पुढं आला आणि तिथंच थांबवला. "ड्रॉइंगवर ०.६ लिहिलंय की दादा."

ड्रॉइंगवर दाब होता ०.६ मेगापास्कल, आणि आमचा गेज, म्हणजे दाब दाखवणारा काटा, किलोचा. लावायला पाहिजे होते ६ किलो. दहापट कमी दाबाला बारीक ब्लोहोलमधनं, म्हणजे ओतकामात राहिलेल्या भोकातनं, कुठला बुडबुडा येतोय! चूक पोराची नाही, त्याला सांगायचं काम माझं होतं.

आपल्याकडं आकडा सगळे बोलतात, कशाचा ते कुणी बोलत नाही. पंक्चरवाला विचारतो ३० भरू का, ते पाउंड, म्हणजे एका चौरस इंचावर ३० पाउंड, पीएसआय म्हणतात ते. वर्कशॉपातला किलो म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर एक किलो वजन, आणि तो १४.२ पाउंडाचा. बार त्याच्या अगदी जवळचा, १ किलो म्हणजे ०.९८ बार, टाकीवर दोन्ही एकच धरलं तरी चालतं पण कॅलिब्रेशनच्या, म्हणजे गेज बरोबर दाखवतोय का ते तपासल्याच्या, सर्टिफिकेटवर नाही चालत. पास्कल मात्र एवढुसा असतो. १०० ग्रॅम फरसाण एक मीटर बाय एक मीटरच्या फरशीवर सारखं पसरलं तर जेवढा दाब पडेल, साधारण तेवढा १ पास्कल. असे १ लाख झाले की १ बार, आणि १० बार झाले की १ मेगापास्कल.

मला हे खरं कळलं ते आबांच्या मोटारीवर. पंचगंगेवरनं आमच्या रानात पाणी ३० मीटर चढतं, मोटार बंद करून पाइप भरलेला असला की खालचा गेज ३ किलो दाखवतो. १० मीटर पाणी म्हणजे १ किलो, एवढं डोक्यात बसलं की पुढचं सोपं जातं. उन्हाळ्यात नदी खाली गेली की मोटार पण खाली न्यावी लागते, कारण सक्शनला, म्हणजे नदीपासनं मोटारीपर्यंतच्या पाइपात, पाणी मोटार ओढत नाही, बाहेरची हवा ते वर ढकलते, आणि हवेचा जोर सगळा मिळून समुद्रसपाटीला १०.३ मीटर पाण्याएवढाच. कोल्हापूर उंचावर असल्यानं इथं तो साडेनऊ-पावणेदहा, आणि प्रत्यक्षात ६-७ मीटरच्या वर सक्शन ठेवूच नये. हाच हवेचा जोर बघायला इटलीत टॉरिचेली या शास्त्रज्ञानं १६४० च्या दशकात नळीत पाण्याऐवजी पारा घेतला, तो १३.६ पट जड, म्हणून नळीत ७६ सेंटिमीटरवरच थांबला. डॉक्टरचं बीपी अजून त्याच पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये चाललंय. आबांचं १४० म्हणजे १.९ मीटर पाण्याचा दाब, माणसापेक्षा उंच, तरी किलोत बघितलं तर ०.१९ च.

अजून एक, गेज शून्य दाखवतो तेव्हा दाब शून्य नसतो बरं का. बाहेरच्या हवेचा साधारण एक किलो तिथं असतोच, गेज फक्त त्याच्या वरचं मोजतो. टायरचे ३० पाउंड, आबांचं १४०, सगळं त्या हवेच्या वरचंच. म्हणून ड्रॉइंगवर ॲब्सोल्यूट, म्हणजे बाहेरची हवा धरून दाब, लिहिलं असेल तर हवेचा दाब वजा करूनच गेज लावायचा.

आता गेजच्या काचेवर ६ ला लाल रेघ मारलीय आणि टाकीच्या वर भिंतीवर ऑइलपेंटनं लिहिलंय, १ मेगापास्कल = १० किलो. (खरं १०.२, पण आमच्या कामाला १० पुरे.) परत आलेला सगळा लॉट दोन दिवस बसून आम्ही दोघांनी ६ किलोला परत तपासला. ३१ पीसमधनं बुडबुडे आले, बहुतेक फ्लँजच्या (पाइप जोडायच्या कडेच्या) मुळाशी, एकाच जागी, मोहरीएवढे.