समुद्राखालचा बोगदा आणि आमचं कोकण

बोगद्याचं कौतुक मला कोणी सांगू नये. कोकण रेल्वेचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा ज्याच्या गावच्या वाटेवर आहे, त्याने कशाला दिपून जायचं? तरी परवा डेन्मार्कच्या लोलँड बेटावर रोद्बीला जाऊन आलो आणि विषय डोक्यातून जाईना.

तिथून जर्मनीच्या फेमर्न बेटापर्यंत समुद्रतळाला १८ किलोमीटरचा बोगदा होतोय. डोंगरासारखा पोखरायचा नाही. तळाशी चर काढायचा, किनाऱ्यावर ओतलेले काँक्रीटचे ८९ तुकडे तरंगत न्यायचे आणि एकेक बुडवून जोडायचे. नेहमीचा तुकडा २१७ मीटर लांब, ७३,००० टनांचा! आज फेरीबोटीला ४५ मिनिटं लागतात. उद्या मोटारीला १०, रेल्वेला ७. खर्च मुख्यतः सरकारी हमीच्या कर्जातून, फेड टोलमधून.

मला टोचलं ते वेगळंच. लोलँड हा तिथला मागे पडलेला भाग. बंद झालेली गोदी, शहराकडे गेलेली पोरं, स्वस्तात मिळणारी घरं. (ओळखीचं वाटतंय ना?) तर तुकडे ओतायचा अवाढव्य कारखाना त्यांनी तिथेच रोद्बीला घातला, आणि कंत्राटदारांनी शिकाऊ मुलं कामावर घ्यायची, हेही ठरवून टाकलं. बोगद्यातून पहिली गाडी जायच्या आधीच गावात काम आलं.

आमच्याकडे १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली. गणपतीला येणं सोपं झालं, मुंबईला निघून जाणं त्याहून सोपं. हापूस अजून बहुतेक ट्रकनेच वाशीला जातो.

पण थांबा, डॅनिश लोकांना डोक्यावर घ्यायचं कारण नाही. साठ लाखांचा सपाट देश, ना घाट ना दरडी. सह्याद्रीच्या पायथ्याने, तसल्या पावसात, सुमारे ७४० किलोमीटर रूळ टाकून दाखवा म्हणावं! शिवाय बोगदा झाल्यावर रोद्बीत थांबणार कोण? दाभोळ-धोपाव्याच्या फेरीबोटीसाठी खोळंबलेला माणूस निदान चहा-वडापाव तरी घेतो. लोलँडच्या लोकांनाही हीच धास्ती आहे.

तुम्ही म्हणाल, हा स्वतः कोपनहेगनला बसून शहाणपण शिकवतोय. बसलोय खरा. गावात माझ्या शिक्षणाचं काम असतं, तर इथला हिवाळा कोणी सोसला असता?

आता रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचे खाडीपूल व्हायचेत. होऊ देत, हवेतच. फक्त निविदेत जवळच्या आयटीआयची पोरं घ्यायची अट घाला. तेवढ्यासाठी काही समुद्राखाली उतरावं लागत नाही.