पितळी पातेलं, एक नग

धरमपेठेतल्या वकीलबाईंच्या ऑफिसात आम्ही दोघं माझ्याच स्कूटीवर गेलो. त्याची गाडी पंक्चर होती. बाईंनी दोघांचे हेल्मेट पाहिले आणि विचारलं, "तुम्ही घटस्फोटासाठीच आले ना?"

हिंदू विवाह कायद्याचं कलम 13-ब. वर्षभर वेगळे राहिलेलो, दोघं राजी, तर अर्ज एकच, सह्या दोघांच्या. म्हणून वकीलही एकच. पण बाईंनी आधीच बजावलं, "उद्या वाद निघाला तर मी कुणाचीच नाही. आपापला वकील पाहायचा." हे मला पटलं.

फ्लॅटचं दहा मिनिटांत मिटलं. अडलं ते सासूबाईंनी मला दिलेल्या पितळी पातेल्यापाशी. बराच वेळ कुणीच बोलेना. मग तोच म्हणाला, "राहू दे तुझ्याकडे. मी काय शिजवून राहिलो त्यात?" बाईंनी मसुद्यात लिहिलं, 'पितळी पातेलं, एक नग'.

आता सहा महिने थांबणं आलं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालानंतर योग्य प्रकरणात कोर्ट ही मुदत माफ करू शकतं. आम्ही मागितलीच नाही. घाई कोणाला आहे?

खाली उतरून तर्री पोहे खाल्ले. पैसे त्याने दिले. वकिलाच्या फीसारखे अर्धे लगेच मागितले.