चिंचेखालचा हौद

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असा निरोप संपादक मंडळाकडून आला. मी लगेच होकार कळवून टाकला आणि मग आठवत बसलो. स्नेहसंमेलन, लेझीम, स्कॉलरशिपचे जादा तास, घंटेवाले मामा, सगळं आठवलं. पण लिहायला घेतलं की पेन आपोआप बारा नंबरच्या, कार्यानुभवाच्या खोलीकडे वळतं. तेव्हा बाकीच्या गुरुजनांनी क्षमा करावी. ज्यांनी गणित शिकवलं, व्याकरण घोटवून घेतलं, त्यांचे उपकार आहेतच, त्यांच्यावर दुसरं कुणीतरी लिहील. मी कार्यानुभवाच्या सरांवर लिहिणार. आमच्या म्हणजे १९९६ च्या दहावीपर्यंतच्या मुलांना त्यांचं नाव सांगायची गरज नाही. पुढच्यांना सांगून उपयोग नाही, कारण त्यांनी ती खोली उघडी पाहिलेलीच नाही.

मी बोटींचं डिझाइन करतो. मोठी मालवाहू जहाजं नव्हेत. नदीत, खाडीत, बॅकवॉटरमध्ये चालणाऱ्या प्रवासी बोटी, आणि अलीकडे धरणाच्या तळाशी किती गाळ साचला ते मोजत फिरणाऱ्या, माणूस नसलेल्या लहान नावा. ऑफिस कोचीला आहे. नागपूरचा माणूस बोटी काढतो म्हटलं की लोक हसतात. मुंबईचा समुद्र आपल्यापासून रेल्वेने ८०० किलोमीटरच्या वर, आणि मी बारावीनंतर खरगपूरच्या आयआयटीत नेव्हल आर्किटेक्चर (जहाजांच्या रचनेचं शास्त्र) घेतो म्हणालो तेव्हा आमच्या मोठ्या काकांनी विचारलं होतं, "कन्हानमध्ये चालवशीन का बे जहाज?" घरात सगळे हसले. मी पण हसलो. पण तोपर्यंत मी गावातल्या शुक्रवारी नावाच्या तलावात रिमोटची नाव चालवून चुकलो होतो, हे काकांना कुठे माहीत!

नाद लागला तो बुर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून आणलेल्या रिमोटच्या मोटारीमुळे. मोटारीचा पुढचा आस दिवाळीच्या आधीच मोडला, पण आतलं सर्किट जिवंत होतं. २७ मेगाहर्ट्झचं साधं खेळण्यातलं सर्किट. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, एवढ्याच चार आज्ञा त्याला कळायच्या. मी ते कार्यानुभवाच्या तासाला घेऊन गेलो, आस बसवून मिळेल या आशेने. सरांनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "मोटारी रस्त्यावर खूप आहेत. हे पाण्यात चालवून दाखव."

एवढंच बोलून ते दुसऱ्या पोराची रंधा धरायची पद्धत सुधारायला निघून गेले. सरांचं असंच होतं. काम सांगायचं, कसं करायचं ते सांगायचं नाही. विचारायला गेलं की उलटा प्रश्न, "मोजलं का?" वर्गात आम्ही त्यांची नक्कल करायचो ती याच दोन शब्दांची.

नावेचं लाकूड संत्रा मार्केटातून आणलं. तेव्हा संत्री लाकडी पेट्यांतून जायची. फुटक्या पेट्यांच्या पट्ट्या कुणी फुकट नेल्या तरी व्यापारी काही म्हणायचे नाहीत. त्या पट्ट्या रंध्याने पातळ करायच्या, रात्रभर भिजत घालायच्या, मग वाकवून प्लायवूडच्या फासळ्यांवर फेव्हिकॉल आणि बारीक खिळ्यांनी बसवायच्या. सांध्यांत एम-सील, वरून व्हार्निशचे हात. मोटर जुन्या टेपरेकॉर्डरची. पंख्याचा दांडा म्हणून सायकलचा स्पोक. तो ज्या नळीतून बाहेर काढायचा ती पितळी नळी ट्रान्झिस्टरच्या ओढायच्या अँटेनाची, आतून ग्रीस भरलेली, म्हणजे पाणी आत येत नाही. मोटर आणि स्पोक जोडायला सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी. पंखा डब्याच्या पत्र्यातून कापलेला. आज माझ्या टेबलावर जे भाग कॅटलॉगमधून मागवलेले असतात, त्यातला एकही असा नाही ज्याचा मोठा भाऊ त्या नावेत नव्हता.

पाण्यात टाकल्यावर पहिला घोळ वेगळाच निघाला. मोटर बंद असली की सुकाणू शहाण्यासारखं ऐकायचं. मोटर चालू केली की थडथडायला लागायचं. आम्ही रिमोटवर संशय घेतला, सेलवर घेतला, माझ्या बाकावरच्या जोडीदारावरही घेतला. (तो आज महावितरणमध्ये आहे, त्यामुळे हे वाचून त्याला राग येणार नाही अशी आशा.) सरांनी मला सायकलच्या दांड्यावर बसवून महाल भागातल्या एका रेडिओवाल्याकडे नेलं. त्याने मोटर कानाशी धरली, हसला आणि खणातून मसुरीएवढे तीन कपॅसिटर काढून दिले. वर १०४ लिहिलेलं, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. एक मोटरच्या दोन टोकांच्या मध्ये, बाकीचे दोन प्रत्येक टोकापासून मोटरच्या पत्र्याच्या अंगाला. मोटरच्या ब्रशांतून ठिणग्या उडतात, प्रत्येक ठिणगी म्हणजे रेडिओच्या लहरींचा कल्ला, आणि आमचा रिसीव्हर त्या कल्ल्यापासून बोटभर अंतरावर. कपॅसिटर तो कल्ला मोटरच्या दारातच जिरवतात. सरांनी पैसे दिले आणि परतीच्या वाटेवर त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

पुढे आणखी दोघांनी तसल्याच मोटारी मोडून नावा केल्या आणि एकाच्या रिमोटवर दुसऱ्याची नाव पळायला लागली, कारण सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर. मारामारी व्हायची वेळ आली. सरांनी घरून कपड्याचा एक चिमटा आणून खिडकीच्या गजाला लावला. ज्याच्या शर्टाला चिमटा, त्यानेच रिमोट चालू करायचा. पुढे कळलं की जगभरच्या मॉडेल क्लबांत हीच पद्धत होती, फळीवर फ्रिक्वेन्सीचे आकडे आणि चिमटे. आता २.४ गिगाहर्ट्झचे रिमोट आपापसांत जुळवून घेतात. आपल्याकडे तो पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला, तेव्हापासून चिमट्याचं काम संपलं.

पण मला सांगायचं आहे ते हौदाबद्दल. चिंचेखालचा, माळीकाका ज्यातून झारी भरायचे तो.

आमची नाव लांब आणि अरुंद होती, दिसायला फार झोकदार. सरळ जाताना राजहंस, पण वळण घेतलं की बाहेरच्या बाजूला एवढी झुकायची की डेकवर पाणी चढायचं. प्रदर्शन जवळ आलेलं. उपाय सुचवणारे खूप. कुणी म्हणे दोन्ही बाजूंना थर्माकोल लाव, कुणी म्हणे तळात गिट्टी भर. सर मधल्या सुटीत हौदावर आले, धोतरासारखी पँट वर खोचली आणि विचारलं, "किती कलते?"

"खूप, सर."

"खूप म्हणजे किती सेंटीमीटर?"

याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. सरांनी डेकच्या मधोमध एक काडी उभी केली, तिला दोरा बांधला, दोऱ्याच्या टोकाला एक पितळी नट. ओळंबाच. खाली आडवी फुटपट्टी. प्रयोगशाळेच्या वजनपेटीतून २० ग्रॅमचं वजन आणवलं आणि ते डेकच्या बरोबर मध्यावर ठेवलं. नट हलत राहायचा, थांबायचा नाही, तर सरांनी माळीकाकांकडून एक वाटी मागून घेतली, तिच्यात पाणी भरलं आणि नट त्या पाण्यात बुडेल अशी डेकवर ठेवली. नट शांत झाला. मग आम्हाला हौदापासून चार पावलं मागे उभं केलं, कारण पोरं काठावर वाकली तरी पाणी हलत होतं. वजन मध्यापासून ५ सेंटीमीटर बाजूला सरकवलं. दोरा २ सेंटीमीटर हलला. दोऱ्याची लांबी २४. "लिही," सर म्हणाले. मी लिहिलं. ती वही अजून माझ्याकडे आहे, म्हणून हे आकडे छातीठोकपणे देतो आहे.

मग नाव बाहेर काढून प्रयोगशाळेच्या तराजूवर ठेवली, १२०० ग्रॅम. इमर्जन्सी लाइटमधून काढलेली आमची ६ व्होल्टची बॅटरी वेगळी तोलली, ३०० ग्रॅम. ती डेकच्या लगेच खाली बसवलेली होती, बदलायला सोपी म्हणून. सरांनी ती ४ सेंटीमीटर खाली, तळाशी सरकवायला लावली. नाव पुन्हा पाण्यात. पण वजन सरकवण्याआधी म्हणाले, "आता किती हलेल ते प्रत्येकाने लिहा." आम्ही काहीबाही लिहिलं. वजन सरकवलं. दोरा १ सेंटीमीटर हलला, बरोबर निम्मा. तेवढ्यात सुटी संपल्याची घंटा झाली. सरांनी नट सोडवून खिशात टाकला, वाटी माळीकाकांना परत केली आणि नववी ब च्या तासाला गेले. आम्ही तिथेच उभे. प्रदर्शनात नाव वळली, डेक कोरडा राहिला, दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं एका ज्वालामुखीला गेलं, आणि ते मला आजही पटलेलं नाही.

यानंतर गीतांजली एक्स्प्रेसने खरगपूर. तिथला नेव्हल आर्किटेक्चर विभाग १९५२ चा, देशातला पहिला. दुसऱ्या वर्षी स्थिरतेचा विषय लागला आणि एके दिवशी प्राध्यापकांनी फळ्यावर इनक्लायनिंग एक्सपेरिमेंट काढला. नवं जहाज बांधून झालं की शांत पाण्यात उभं करतात, डेकवर ठरावीक वजनं एका बाजूकडून दुसरीकडे सरकवतात आणि आत टांगलेला लांब ओळंबा किती सरकला ते मोजतात. ओळंब्याचं वजन तेलाच्या किंवा पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवतात, डोलू नये म्हणून. त्यावरून जहाजाचा गुरुत्वमध्य नेमका कुठे आहे ते काढतात. हे केल्याशिवाय जहाज किती माणसं, किती माल सुरक्षित नेईल ते ठरवता येत नाही.

माझ्या अंगावर काटा आला. त्या रात्री होस्टेलवर वहीतले आकडे सूत्रात घातले. २० ग्रॅम गुणिले ५, त्याला भागिले (१२०० गुणिले बारांश); बारांश म्हणजे दोऱ्याचे २ भागिले २४. मेटासेंट्रिक उंची, म्हणजे नाव कलायला किती विरोध करते त्याचं माप, आली १ सेंटीमीटर, म्हणजे आमची नाव अगदी काठावर तरंगत होती. ३०० ग्रॅमची बॅटरी ४ सेंटीमीटर खाली गेली की १२०० ग्रॅमच्या नावेचा गुरुत्वमध्य १ सेंटीमीटर खाली येणार, म्हणजे ती उंची दुप्पट आणि कल निम्मा. सरांच्या हौदात पेपरातल्या गणितासारखं चोख उत्तर आलं होतं. वर्गातले इतर जण ते सूत्र पाठ करत होते. मला पाठ करावं लागलं नाही.

आजही माझ्या कामात रिमोट आहे. नवी प्रवासी बोट ठरली की आधी लहान मॉडेल करतो आणि तळ्यात मोकळं सोडून वळणं, थांबणं, मागे येणं तपासतो. लाटांचं गणित असं आहे की मॉडेल १६ पट लहान असेल तर त्याचा वेग १६ पट नव्हे, ४ पट कमी ठेवायचा. विल्यम फ्रूडने एकोणिसाव्या शतकात हे दाखवून दिलं, त्यावर अजून जग चालतं. म्हणजे १६ मीटरची बोट ८ नॉट्सने (ताशी ८ सागरी मैलांनी) जाणार असेल तर १ मीटरचं मॉडेल २ नॉट्सने चालवायचं, काठावरून आरामात चालत सोबत जाता येईल इतकंच. नवे इंजिनिअर येतात, स्क्रीनवर रंगीत लाटा काढून दाखवतात. चांगलं काम करतात, वाद नाही. पण मी त्यांना आधी मॉडेल उचलायला लावतो आणि विचारतो, जड कुठे लागतं? बरेच जण बोट दाखवायला बिचकतात.

२३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागपुरात घराघरांत पाणी शिरलं, तेव्हा मी कोचीत बसून फोन फिरवत होतो. त्यानंतर वाटत राहिलं की आमची गाळ मोजणारी नाव एकदा आपल्या तलावांत सोडावी. अंबाझरी, फुटाळा, आणि गांधीसागर, म्हणजे आमचा शुक्रवारी तलाव, तर पहिला. गणपती विसर्जनानंतर तिथल्या तणसाने आणि दोऱ्यांनी आमच्या पंख्याचा जीव खाल्ला होता, त्याचा हिशेब बाकी आहे.

मागच्या वर्षी शाळेत येऊन गेलो. बारा नंबरच्या खोलीला आता काचेचं दार आहे, आत स्मार्ट बोर्ड आणि रांगेने संगणक. रंधे, शिकंजे कुठे गेले ते कुणाला सांगता आलं नाही. कोपऱ्यात एक थ्रीडी प्रिंटर होता, त्यावर प्लास्टिकचं कव्हर. मला प्रिंटरचा राग नाही, आमच्याकडे चार आहेत. पण तयार किटमधून जोडलेली नाव कलत नाही, आणि कलली नाही तर पोरगं मोजणार काय? माझं हे मत जुनाट वाटेल. वाटू दे.

सरांना भेटायला गेलो. कान गेले आहेत, मोठ्याने बोलावं लागतं. अंगणात नातवाच्या तान्ह्या पोळ्याच्या नंदीला चाकं बसवत होते. मी खरगपूरची सगळी गोष्ट सांगितली, सूत्रासकट. विचारलं, सर, तुम्हाला हे कुठून माहीत होतं? त्यांनी चाक फिरवून पाहिलं, जरा घासलं. मग म्हणाले, "माहीत काय असायचं त्याच्यात? कलते का नाही ते पाहायचं, तर वजन ठेवून पाहायचं. अजून काय करतात?" आणि मला पॉलिश पेपर आणायला आत पाठवलं.

महोत्सवाच्या कार्यक्रमाला मी येतोच आहे. संपादकांना विनंती, माझ्या नावापुढे भाषण टाकू नये. हौद बुजवून तिथे सायकल स्टँड झालाय असं कळलं, तेव्हा मी लहान मुलांचा फुगवायचा मोठा टब, दोन मॉडेल आणि एक रिमोट घेऊन येतो. वजनपेटी शाळेने द्यावी. फुटपट्ट्या मुलांनी आपापल्या आणाव्यात.