सावित्रीच्या मुखाशी समुद्री गरुड

कोकणात खाडीवर पक्षी पाहायला जायचे असेल तर आधी पंचांग उघडावे, असे मी आता प्रत्येकाला सांगते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अंदाजाने कळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. पौषातल्या संकष्टीच्या दिवशी मी बाणकोटला गेले ती याच हिशेबाने. चतुर्थी असल्यामुळे भरती तीनच्या सुमारास आणि ओहोटी सकाळी नऊच्या आसपास येणार होती, म्हणजे उजेड चांगला असतानाच पाणी पुन्हा चढू लागणार होते.

महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री इथे समुद्राला मिळते. उत्तरेला रायगड जिल्हा, दक्षिणेला रत्नागिरी. मी मुद्दाम दक्षिण तीरावर बसले, कारण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि या काठावरून पाहिले की ऊन आपल्या पाठीशी राहते. ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलावर तुतारी आणि चिखले हे काठावरचे छोटे पक्षी भक्ष्य टिपत होते, डोक्यावर तांबूस ब्राह्मणी घारी फिरत होत्या. मला हवा होता तो पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड मात्र कुठेच नव्हता. शेजारी होडीत जाळे नीट करत बसलेले काका म्हणाले, "ताई, पाणी चढायला लागलं की येईल तो. तोवर बसा."

साडेदहाच्या सुमारास कावळ्यांनी एकदम कालवा केला आणि पलीकडच्या डोंगरावरून तो आला. घारीच्या मानाने त्याचा आकार केवढा तरी मोठा; पंखांचा विस्तार सुमारे दोन मीटर भरतो. तरंगताना तो पंख किंचित वर उचलून धरतो, त्यामुळे समोरून पाहिले की उथळ द्रोणासारखा आकार दिसतो. डोके, छाती आणि पोट पांढरेशुभ्र, पाठ राखाडी, पंखांच्या खालच्या बाजूची उड्डाणपिसे काळी आणि शेपूट आखूड, पाचरीसारखे.

फोटोची पहिली संधी माझ्या चुकीमुळे हुकली. आकाशासमोर पक्षी काळा पडू नये म्हणून मी एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश, वाढवून ठेवले होते, आणि तो खाली उतरून डोंगराच्या गर्द हिरव्या पार्श्वभूमीसमोर आला, तेव्हा छातीची सगळी पिसे पांढऱ्या डागात विरून गेली. मग एक्स्पोजर उलट दीड स्टॉप उतरवले, शटर १/२००० सेकंदावर ठेवले आणि पुन्हा वाट पाहिली.

दुसऱ्या वेळी तो पाण्यावरून अगदी खालून आला. कैकर (ऑस्प्रे) हा दुसरा शिकारी पक्षी मासा धरताना अंग पाण्यात झोकून देतो. या गरुडाने मात्र गती न मोडता फक्त पाय पुढे काढले, पृष्ठभाग चिरला आणि मासा उचलून तो वर चढलासुद्धा. हे सारे दोन-तीन सेकंदांत घडले. नंतर पडद्यावर मोठे करून पाहिले तेव्हा पिसे नसलेले फिकट पाय, त्यांवरून निथळणारे पाणी आणि माशाच्या खवल्यांत रुतलेली काळी नखे स्वच्छ दिसली.

मासा घेऊन तो आतल्या वाडीकडे गेला. तिथे एका जुन्या झाडावर त्याचे काटक्यांचे भले मोठे घरटे आहे. ही जोडी दरवर्षी त्याच घरट्यावर नवी भर घालते, आणि हे दिवस पिल्लांचे असतात. घरट्यावरचा फोटो सहज मिळाला असता, परंतु माणूस जवळ आला की मोठे पक्षी उठतात आणि पिल्लू उन्हात उघडे पडते. मी त्या बाजूला गेले नाही, आणि वाडीचे नावही इथे लिहिणार नाही. या पक्ष्याला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, तरी ते झाड उभे राहिले आहे ते वाडीच्या मालकाने ते तोडले नाही म्हणून, आणि त्याबद्दल मला त्यांचे ऋण वाटते.

मी काकांना फोटो दाखवला. त्यांनी गरुडाकडे एकदाच पाहिले आणि माशाकडे बराच वेळ. "बोय आहे," ते म्हणाले, आणि पागाचे जाळे खांद्यावर टाकून चढत्या पाण्याकडे चालू लागले.