बुगडी, पदर आणि क्लिकची टिकटिक

फाइल उघडली, गाण्याचा ट्रॅक सोलो केला, म्हणजे एकटाच वाजवला, आणि पहिल्याच ओवीनंतरच्या श्वासात टिक, टिक, टिक. लय धरायला गायिकेच्या हेडफोनमध्ये सोडलेला क्लिक माइकमध्ये उतरला होता. अरेंजर मागच्या सोफ्यावर मोबाइल चाळत बसला होता. मान वर न करताच म्हणाला, "ऐकू येतंय ना? काढून टाक. तुझ्याकडे आरएक्स आहे की."

आरएक्स, म्हणजे आवाज साफ करायचं सॉफ्टवेअर, होतं, आणि त्यातलं झिरपलेला आवाज काढणारं डी-ब्लीड मी लावूनही पाहिलं. गाणं थांबतं तिथली टिकटिक काढणं काही अवघड नाही, तेवढा तुकडा कापला की झालं. घोळ होता ओळीच्या शेवटी. ओवीची ओळ संपताना "बाई गं"वर सूर लांबतो, हळूहळू बारीक होतो, त्यात थोडी श्वासाची खरखर मिसळते. नेमका तिथेच क्लिक बसलेला. तो काढायला जावं तर सुराचा काठही सोबत उचकटून येत होता. त्यात आवाज पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजींचा, मुळातच हळू. असा आवाज गाण्यात पुढे आणायचा तर कॉम्प्रेसर लागतोच. मोठे सूर दहा डेसिबल दाबायचे आणि सगळंच दहाने उचलायचं, की मधल्या शांततेतला क्लिकही दहाने वर येतो.

"पुन्हा गाऊन घ्यावं लागेल," मी म्हटलं. तेव्हा कुठे मोबाइल खाली गेला.

काम एका माहितीपटाचं. मुळशी खोऱ्यातल्या आजी, त्यांच्या जात्यावरच्या ओव्या आणि त्यांना खालून तंतुवाद्यांची साथ. पहिलं रेकॉर्डिंग दुसऱ्या एका स्टुडिओत झालं होतं. तिथे आजींना सेमी-ओपन हेडफोन दिला होता, हे फोटोत दिसत होतं. सेमी-ओपन वाईट असतो असं नाही. माझ्याकडेही एकेजीचा के २४० आहे आणि मिक्सला बसलो की बऱ्याचदा तोच कानावर असतो. पण त्याच्या कपाला मुद्दाम झरोके ठेवलेले असतात, आणि झरोक्यातून आवाज बाहेर पडणारच. समोर वीतभर अंतरावर बारीक आवाजही टिपणारा कंडेन्सर माइक आणि त्याचा गेन, म्हणजे आवाज उचलायचं प्रमाण, हळू आवाजासाठी चढवलेला. मग काय होणार!

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी याच भागातून सुरुवात करून लाखाच्या वर ओव्या जमवल्या. त्यांतल्या कितीतरी गावात, बायकांच्या घरी जाऊन रेकॉर्ड झाल्या. तिथे हेडफोनचा संबंधच नव्हता. बाई स्वतःच्या लयीत गाते, यंत्र ऐकून घेतं. मलाही तेच जास्त पटतं. पण अरेंजरने तंतुवाद्यं आधीच टेम्पोला बांधून ठेवली होती. म्हणजे आजींच्या कानात काहीतरी वाजणं भाग होतं.

आजी यायच्या दिवशी असिस्टंटला लवकर बोलावलं आणि खुंटीवरचे सगळे बंद हेडफोन खाली काढले. सोनीचा ७५०६, ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्स, सेनहायझरचे एचडी २५ आणि एचडी २८०, बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो आणि ड्रमरसाठी ठेवलेला डीटी ७७० एम. खोक्यावरचे आकडे वाचायचे तर एचडी २८० बाहेरचा आवाज ३२ डेसिबलपर्यंत अडवतो आणि डीटी ७७० एम ३५. पण हा आकडा बाहेरून आत येणाऱ्या आवाजाचा. ड्रमरला तो हवा असतो, कारण समोर झांजा आदळत असतात. गायकाच्या बाबतीत मला काळजी उलटी, आतला आवाज बाहेर किती जातो याची. तो आकडा सहसा कुणी छापत नाही. तो आपला आपणच काढायचा.

काढायची पद्धत अगदी साधी. असिस्टंटला हेडफोन घालून माइकसमोर तोंड मिटून उभा केला. गेन आजींना लागेल तेवढाच ठेवला. क्लिक चालू केला आणि रेकॉर्ड केलं. मग त्या मुक्या टेकवर आजींसाठीचाच कॉम्प्रेसर लावून ऐकलं. या चाचणीत डीटी ७७० प्रो मागे पडला, त्याच्या मखमली पॅडमुळे. मखमल कानाला सुखाची, घाम येत नाही, पण तिच्यातून हवा जाते, आणि हवा जाते तिथून आवाजही जातो. रेक्झिनसारखे पॅड असलेले एचडी २८० आणि डीटी ७७० एम जवळजवळ मुके निघाले. एचडी २५ लहान असूनही चांगला बसला, कारण तो कानावरच घट्ट दाबून बसतो. तरी असिस्टंटचं डोकं म्हणजे हेडफोन कंपनीचं स्वप्नच! केस बारीक कापलेले, चष्मा नाही, कानात काही नाही. या चाचणीतून नापास कोण एवढंच कळतं. पास कोण हे खरा माणूस आल्यावरच.

अरेंजरने मध्येच स्वतःचा महागडा वायरलेस हेडफोन पुढे केला. "हा घे ना, नॉइज कॅन्सलिंग आहे. विमानात काहीसुद्धा ऐकू येत नाही." त्याला सांगितलं, नॉइज कॅन्सलिंग विमानाची घरघर तुझ्या कानापुरती पुसतं. तुझ्या कानातलं गाणं शेजारच्याला ऐकू जाण्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. शिवाय ब्लूटूथवरून आवाज उशिरा पोहोचतो. आजी लयीत गायल्या तरी रेकॉर्डिंगमध्ये मागे पडणार.

अकराच्या सुमारास आजी आल्या, सोबत सूनबाई. नऊवारी, डोक्यावर पदर, जाड काड्यांचा चष्मा आणि दोन्ही कानांच्या वरच्या पाळीला मोत्यांची बुगडी. बुगडी दिसली तेव्हाच एचडी २५ मनातून बाद झाला. तो कानावर दाबून बसणार म्हणजे बुगडी पाळीत रुतणार.

"आजी, तेवढी बुगडी काढता येईल का?"

"न्हाई रं बाबा. लगीन झाल्यापास्नं हाय ती तितंच. फिरकी बी घट्ट बसलीया."

मग एचडी २८० घातला. त्याचा कप उथळ आणि पकड दणकट. दुसऱ्या मिनिटाला आजींनी मान तिरकी केली आणि काही न बोलता तो काढून सूनबाईंच्या हातात दिला. त्यानंतर कानात घालायचे शुअरचे एसई२१५ आणले. आवाज बाहेर जाऊ न देण्यात याच्या जवळपास दुसरं काही नाही आणि बुगडीचाही प्रश्न नाही. फोमची बोंडं दाबून नीट बसवली. आजी दोन ओळी गायल्या आणि थांबल्या. "मी काय हिरीत बसून गाते व्हय?"

त्यांचं म्हणणं अगदी रास्त होतं. कानाची वाट बंद केली की स्वतःचा आवाज हाडांतून घुमून परत कानात साठतो, आणि जितकं घट्ट बंद, तितका घुमारा जास्त. स्टुडिओत मुरलेले गायक याला सरावतात किंवा एक कान मोकळा ठेवतात. जन्मभर जात्याशी उघड्या ओसरीत गायलेल्या बाईने का सरावावं?

उरला डीटी ७७० एम. कप खोल आणि गोल, बुगडीसकट अख्खा कान आत मावतो. पकड जरा जास्त होती, पण त्याच्या डोक्यावरच्या पट्टीत स्टील आहे, हाताने अंदाज घेत थोडी फाकवली. आजींनी तो डोक्यावर ठेवला, पदरावरूनच. मी कन्सोलवर जाऊन पाहिलं तर टिकटिक परत! पॅड आणि गालाच्या मध्ये लुगड्याच्या पदराच्या दोन घड्या, त्यात चष्म्याच्या काड्या. एवढी फट पुरे होते.

आता परक्या पुरुषांसमोर आजींना पदर खाली घ्या म्हणणं मला जमण्यासारखं नव्हतं. तोड सूनबाईंनी काढली. आम्हाला म्हणाल्या, "तुम्ही जरा भायेर व्हा." दोन मिनिटांनी काचेतून पाहिलं तर चष्मा मांडीवर, हेडफोन आत आणि त्यावरून पदर. ओव्या तोंडपाठ, त्यामुळे चष्म्याची गरजही नव्हती. मी टॉकबॅकवरून, म्हणजे आतल्यांशी बोलायच्या माइकवरून, सूनबाईंना म्हटलं, दोन्ही कप हाताने दाबा आणि त्यांना विचारा, दाबल्यावर आवाज जास्त घुमतो का. ही चाचणी फुकटात होते आणि चुकत नाही. दाबल्यावर खर्ज एकदम भरला तर समजायचं की कुठेतरी फट आहे. आजी म्हणाल्या, उजवीकडे घुमतंय. उजव्या पॅडखाली अंबाड्यातला एक आकडा आला होता. तो सरकवला आणि फरक मिटला.

घुमाऱ्यासाठी त्यांचाच आवाज माइकवरून, कॉम्प्युटरचा फेरा चुकवून, थोड्या रिव्हर्बसह, म्हणजे मोकळ्या जागेच्या गुंजेसह, कानात सोडला. आजींचा चेहरा जरा सैल झाला.

तरीही "वाढव की जरा, काय ऐकाया येईना" चालूच. क्यू, म्हणजे त्यांच्या कानात जाणारा आवाज, वाढवला की क्लिक परत माइकमध्ये डोकवायला लागे. इथे हेडफोनचं काम संपलं होतं. वयाबरोबर कानातून आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, आणि आपला नेहमीचा क्लिक नेमका त्याच पट्टीतला, टोकदार. म्हणजे आजींना तो सगळ्यात कमी ऐकू येणार आणि कंडेन्सर माइकला सगळ्यात जास्त, कारण यातले बरेच माइक तिथेच जास्त तिखट असतात. आणि हेडफोनच्या फटीतून जे बाहेर निसटतं तेही वरचंच. बसमध्ये शेजाऱ्याच्या कानातलं गाणं आपल्याला नुसतं चिटचिट ऐकू येतं ते याचमुळे. खर्ज एवढ्याशा फटीतून बाहेर पडला तरी फार लांब जात नाही.

मग क्लिक काढूनच टाकला. माहितीपटाच्या चित्रीकरणातला जात्याचा आवाज आमच्याकडे होता, घरघर, आणि प्रत्येक फेरीला खुंटा फिरताना येणारा एक जडसा ठोका. एक फेरी कापली, टेम्पोला ताणून बसवली, वरची पट्टी फिल्टरने उडवली, ठोका थोडा उचलला आणि त्याची लूप केली. आजींच्या कानात ती सोडली.

त्यांनी काही विचारलं नाही. खुर्चीवरून उठल्या, खाली सतरंजीवर बसल्या, एक पाय लांब केला आणि हात फिरवायला लागल्या. माइक खाली घ्यायला मी धावलो. तो वीतभराऐवजी तोंडापासून अर्ध्या वितीवर आणला. अंतर निम्मं झालं की आवाज सहा डेसिबल जास्त मिळतो. तेवढा गेन मी उतरवला. कानापासूनचं अंतर मात्र फारसं बदललं नाही, त्यामुळे जे काही निसटत होतं तेही गेनबरोबर खाली गेलं.

आणि मग बांगड्या! हात फिरला की काकणांचा खळखळाट. तासभर मी ज्या टिकटिकीशी झगडत होतो ती यापुढे काहीच नाही. सूनबाईंनी नॅपकिन गुंडाळून वर रबर लावलं. हेडफोनची वायर हलताना माइकच्या स्टँडला घासत होती, ती असिस्टंटने पाठीमागून घेऊन पदराखाली खोचायला दिली. आवाज कमी-जास्त करायचं चाक या हेडफोनच्या वायरवरच असतं, ते सूनबाईंच्या हातात राहिलं. आजींनी भुवई उडवली की त्या किंचित फिरवायच्या. टॉकबॅकची गरज संपली.

यानंतरचं रेकॉर्डिंग सांगण्यासारखं फारसं नाही. आजी गात राहिल्या, आम्ही थांबवलं नाही. मध्ये दोनदा चहा झाला. अरेंजरने कागदावर सहा ओव्या लिहून आणल्या होत्या, त्या कधीच मागे पडल्या. माहेरच्या, भावाच्या, विठ्ठलाच्या अशा एकामागून एक निघाल्या. सोलो करून ऐकलं. "बाई गं" विरतं तिथे कान देऊन ऐकलं तर खाली कुठेतरी जात्याचा भास होतो. असला तरी तो जात्याचाच. ओवीखाली जातं ऐकू आलं म्हणून कोण तक्रार करणार?

मागची साथ सूनबाईंनी धरायची ठरली. तोच हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला तर पुन्हा गळती. केस दाट, मागे मोठा चाप, पट्टी पुढे घसरते आणि कपाची खालची कड गालावरून उचलली जाते. त्यांच्या कानात मात्र बारीक कुड्यांशिवाय काही नव्हतं, म्हणून आजींनी नाकारलेला एचडी २८० दिला. तो चपखल बसला आणि त्यांचा भाग झटक्यात झाला.

दुपारी उशिरा दोघी निघाल्या. हेडफोन काढताना आजींनी बुगडी चाचपली, जागेवर असल्याची खात्री केली आणि मला म्हणाल्या, "पुढच्या बारीला खरं जातंच आन. म्या दळून बी देते."

फाइल त्याच रात्री पाठवल्या. सकाळी अरेंजरचा फोन. "ती जात्याची लूप पण दे रे. ट्रॅकमध्ये ठेवतो, भारी वाटतेय."

पाठवली. बिलात वेगळी लावून.