दुसऱ्या टप्प्यातली केबिन

पुण्यातल्या एका पर्यटन कार्यालयात मी क्रूझचे आरक्षण पाहतो. त्यात सर्वांत जपून करावे लागते ते लागोपाठच्या दोन सफरींचे काम. ग्राहकाच्या दृष्टीने बार्सिलोना ते रोमचे बंदर चिविताव्हेक्किया आणि तिथून अथेन्सचे पिरेअस हा 14 रात्रींचा एकच प्रवास असतो, जहाजही तेच असते. कंपनीच्या दफ्तरी मात्र त्या 7-7 रात्रींच्या दोन स्वतंत्र सफरी असतात आणि दोहोंच्या केबिनचा हिशेब वेगवेगळा राहतो. पहिल्या सफरीत रिकामी दिसणारी केबिन दुसरीत कोणी कधीच घेऊन ठेवलेली असू शकते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एक निवृत्त शिक्षक सकाळीच आले. काकू पक्षाघातानंतर व्हीलचेअरवर असतात, आणि सप्टेंबरच्या या प्रवासासाठी काकांनी खुर्चीची रुंदी टेपने मोजून वहीच्या कागदावर लिहून आणली होती : 25 इंच. जहाजावरच्या साध्या केबिनचे दार साधारण 23 इंचांचे असते आणि न्हाणीघराला उंबरठा असतो. व्हीलचेअरसाठी राखलेल्या केबिनचे दार 32 इंचांच्या आसपास असते, उंबरठा नसतो. पण हजारो प्रवाशांच्या जहाजावरही अशा केबिन मोजक्याच असतात.

पहिल्या सफरीत तशी एक केबिन दिसली. ती हातची जाऊ नये म्हणून मी काकांना विचारून लगेच आगाऊ रक्कम भरली, तीही परत न मिळणाऱ्या स्वस्त भाड्याची, आणि मग दुसरी सफर उघडली. तिथे साध्या केबिन भरपूर होत्या, व्हीलचेअरची एकही नव्हती. जिथे टंचाई तिथून सुरुवात करायची, हे मी नव्या मुलांना शिकवतो आणि त्या दिवशी मीच उलटा चाललो. काकांना तसे स्पष्ट सांगितले. ते म्हणाले, “तुम्ही प्रयत्न करा, मी बसतो.”

एका सहकाऱ्याने ‘गॅरंटी’ भाडे सुचवले. त्यात पैसे केबिनच्या प्रकाराचे भरायचे असतात आणि क्रमांक पुढे कंपनी ठरवते. धडधाकट माणसाला ते परवडते; काकूंना जी केबिन लागणार होती ती नशिबावर सोडण्यासारखी नव्हतीच.

माझी आशा एका गोष्टीवर होती. मोठे गट केबिन आधीच अडवून ठेवतात, त्या पडद्यावर ‘विकलेल्या’च दिसतात, आणि पूर्ण रक्कम भरायची मुदत आली, म्हणजे बऱ्याचदा प्रस्थानाच्या 90 दिवस आधी, की न खपलेल्या केबिन परत येतात. ती मुदत त्याच आठवड्यात होती. पण हे विचारायचे तर कंपनीच्या मायामीच्या कार्यालयाला, आणि तिथे सकाळचे 9 वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा होतात. काका दुपारी घरी जाऊन काकूंना जेवू घालून पुन्हा आले.

फोनवरच्या बाईंना मी खुर्चीची मापे सांगितली, विशेष गरजांचा अर्ज पाठवला आणि गटांच्या केबिन तपासायची विनंती केली. पाऊण तासाने त्यांनी सांगितले की एका गटाने सहाव्या डेकवरची व्हीलचेअरची केबिन त्याच दिवशी सोडली आहे. पहिल्या सफरीतली केबिन आठव्या डेकवर होती, म्हणजे चिविताव्हेक्कियाला सामान हलवावे लागणार होते. काकांची त्याला हरकत नव्हती. दोन्ही आरक्षणे एकमेकांना जोडून घेऊन, दुसऱ्या दारापर्यंत मदतीला माणूस हवा अशी नोंद करूनच मी फोन ठेवला.

सप्टेंबरमध्ये चिविताव्हेक्कियाहून काकांचे दोन फोटो आले. एकात काकूंच्या साड्या हँगरसकट दांडीच्या गाडीवरून नव्या केबिनकडे निघाल्या होत्या. दुसऱ्यात काकू सहाव्या डेकवरच्या दारात होत्या, आणि खुर्चीच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटे जागा मोकळी दिसत होती.